सांगितलेला नंबर

अद्रकीचा गड्डा जमिनीतून निघतो तेव्हा त्याच्या बेचक्यांत अडकलेली माती दमट असते. तेवढ्यात तो डाव्या तळहातावर दोनदा आपटला तर जवळजवळ सगळी माती गळून पडते. अर्ध्या तासानं ती अंगठ्यानं खरवडावी लागते. तासाभरानं अंगठा पुरत नाही, खुरप्याचं टोक घालावं लागतं आणि मग गड्ड्याचं बोट मोडायची भीती असते. चंपाबाईनं हे कधी घड्याळ लावून पाहिलं नव्हतं, पण तिच्या हातांना ते ठाऊक होतं. बेडावर, म्हणजे अद्रकीच्या लांब उंच वाफ्यावर, बसली की ती समोर गड्डे साचू देत नसे.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. अप्पारावांच्या रानात दोन गडी टिकावानं बेड फोडत पुढं सरकत होते आणि मागं नऊ बायका माती झाडून गड्डे कॅरेटमध्ये टाकत होत्या. ऊन पाठीवर आलं होतं. चंपाबाईच्या कमरेला कापडी पिशवी होती. तिच्यात तिचा फोन, शिवाय वाचता न येणाऱ्या तीन बायकांचे फोन. टोळीत दहावीपर्यंत गेलेली ती एकटीच, त्यामुळं ही पिशवी तिच्याकडं आली होती.

फाट्यावर अतुलचं सेवा केंद्र होतं. कोणत्याही योजनेचा फॉर्म भरायचा, आधार जोडायचं, केवायसी करायची म्हणजे मोबाइलवर सहा आकडे येतात आणि ते तिथल्या तिथं सांगावे लागतात. त्यासाठी प्रत्येकीनं फाट्यावर जाऊन बसायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडायचा. म्हणून अतुलनं आणि चंपाबाईनं एक रीत पाडली होती. सगळ्यांची कागदं ती आदल्या संध्याकाळी त्याच्याकडं ठेवून यायची. दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्युटरसमोर बसून रानात फोन लावायचा, "मंजुषाचा नंबर आला का बघ," म्हणायचा, आणि चंपाबाई मातीच्या बोटानं फोन उघडून आकडे सुटे सुटे वाचून दाखवायची. तीन वर्षांत कुणाचाही रोज बुडाला नव्हता. दुसऱ्या टोळ्यांतल्या बायकासुद्धा तिच्याकडं कागदं आणून द्यायच्या.

टोळीतल्या आवडाबाईकडं तर फोनच नव्हता. पासष्टीची, एकटी बाई, चंपाबाईच्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिच्या बँकखात्याला चंपाबाईचाच नंबर जोडला होता. हरवायच्या भीतीनं तिनं एटीएम कार्डही चंपाबाईच्या पाकिटात ठेवायला दिलं होतं.

अकराच्या सुमाराला चंपाबाईचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"आवडाबाई दगडू खरात यांच्या खात्याला हाच नंबर जोडलेला आहे ना, मॅडम? मी बँकेतून बोलतोय."

"व्हय. मी त्यांची शेजारीन. सगळं मीच बघते."

"बरं झालं. घरकुलाचा दुसरा हप्ता जमा झालाय, पण केवायसी अपुरी आहे. आज चारपर्यंत पूर्ण झाली नाही तर रक्कम परत जाईल. कार्ड जवळ आहे का?"

मागच्या वर्षी वस्तीवरल्या दोघींचे हप्ते असेच परत गेले होते आणि सात महिने आले नव्हते. आवडाबाईच्या घराच्या भिंती चौकटीच्या वरपर्यंत आल्या होत्या. सोमवारी मिस्त्री स्लॅबच्या तयारीला यायचा होता. चंपाबाईनं पदराला हात पुसले, पाकीट काढलं, कार्डावरचे आकडे वाचले. मागचे तीन वाचले. मग मेसेज आला, त्यातले सहा वाचले. पुन्हा एक आला, तेही वाचले. अतुलला सांगते तसेच, एकेक सुटा, मध्ये थांबून, समोरच्याला लिहायला वेळ देत.

"तुम्ही फार व्यवस्थित सांगता, मॅडम," तो म्हणाला. "थँक्यू."

तिला मॅडम म्हणणारा तो पहिलाच माणूस होता. फोन पिशवीत ठेवताना तिला बरं वाटलं.

पिशवीतच तो दोनदा थरथरला. मेसेज इंग्रजीत होते, पण पैसे कापल्याचा शब्द तिला ओळखू येत होता. इतरांचे मेसेज वाचून वाचून तो पाठ झाला होता. सत्तर हजार गेले होते. खात्यात एकशे बारा रुपये उरले होते.

तिनं तो नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"कुणाचा गं?" शेजारच्या बेडावरून मंजुषानं विचारलं. मंजुषा तिशीची, टोळीत सगळ्यांत चपळ आणि सगळ्यांत तोंडाळ. "लई वेळ बोलायलीस. लगीन जमवतीस का कुणाचं?"

"बँकेचा होता."

"माझंच काय का गं, चंपे?" आवडाबाईनं पलीकडून मान वर केली. तिला नीट ऐकू येत नसे, पण बँक हा शब्द ऐकू आला होता.

"व्हय मावशी."

"काय म्हणतो?"

"झालं म्हणतो काम."

आवडाबाईनं समाधानानं मान हलवली आणि पुढचा गड्डा उचलला. चंपाबाईच्या समोर एव्हाना सात-आठ गड्डे साचले होते. एकाची माती खरवडताना तिचा अंगठा नखापाशी फाटला. अद्रकीचा रस त्यात गेला आणि चरचर सुरू झाली. दिवसभर ती चरचर होती म्हणून ती मन लावून काम करू शकली.

*

शुक्रवारी काम सुटल्यावर ती फाट्यावर गेली. अतुल कुणाच्या तरी आधारकार्डाला प्लास्टिक चढवत होता. तेविशीतला पोरगा, टेबलावर बिस्किटाचा पुडा, मागं भिंतीवर सगळ्या योजनांची पत्रकं.

"ये चंपाताई. कुणाचे कागद आणलेस?"

"कागद नायत. एक इचारायचं होतं. माझ्या चुलतभावाच्या गावात एका बाईनं फोनवर नंबर सांगितला, म्हणं बँकेतून बोलतो. पैसे गेले तिचे."

"कवा?"

"काल."

"तक्रार केली?"

"नसंल केली. खेड्यातली बाई."

"मग बोंबला." त्यानं कार्ड मशीनमध्ये सरकवलं. "एकोणीसशे तीस, सायबर पोलिसांचा नंबर हाय, त्याला फोन लावायचा असतो. तवाच्या तवा. पैसे पुढच्या खात्यात आसंपर्यंत अडकवता येतात कधी कधी. नंतर ते दहा खात्यांत फिरतात, मग हाती लागणं अवघड. तरी करायचीच तक्रार, उशीर झाला म्हणून सोडायची नाय. बँकेला कळवायचं, कार्ड बंद करायचं, मग ठाण्यात जायचं."

"तिला सोताला जावं लागतं का? जिचं खातं?"

"जिचं खातं तिनंच. सही कोण करणार?" तो हसला. "कार्डाच्या मागचे तीन आकडे बी सांगितले आसतील बाईनं."

"व्हय, म्हणं."

"आन् आलेला नंबर बी."

"व्हय."

"एवढी येडी बाई कोण गं ही! घराची किल्ली बी दिली आसंल मग हातात."

चंपाबाई हसली. तो हसत होता म्हणून तीही हसली, आणि ते हसू थांबवायचं कधी हे तिला कळेना.

"तिला म्हणावं, बँक कवाच फोनवर नंबर मागत नाय," अतुल म्हणाला. "कुणी बी मागू दे, बँकवाला, पोलीस, साहेब. मागितला की ओळखायचं, चोर हाय. फोन ठेवायचा आन् सोता बँकेत जाऊन इचारायचं."

"तू मागतोस की."

"मी मागतो ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"तुम्ही वळखता ना मला. काम तुम्हीच दिलेलं आसतं."

"आन् जिला फोनवर नंबर सांगायची सवय लागली, तिनं कसं वळखायचं?"

मशीनमधून कार्ड बाहेर आलं, अतुलनं ते उगाच उलटसुलट करून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "कोण बाई हाय, चंपाताई?"

"सांगितलं की. चुलतभावाच्या गावची."

स्टँडवर कोणी नव्हतं. कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरावर फोन करून तिनं आधी कार्ड बंद केलं, एकशे बारा रुपये राखायला. मग एकोणीसशे तीस लावला. एका बाईचा आवाज आला. खातेदाराचं नाव विचारलं, ते तिनं सांगितलं.

"तुम्ही कोण?"

"शेजारीन."

"खातेदार तुमच्याजवळ आहेत का? त्यांच्याशी बोलायला द्या, ताई. घाबरू नका."

समोरून फुलंब्रीची एसटी आली, धूळ उडाली. चंपाबाईनं फोन कापला. तिला वाटलं होतं की आपण सांगितलं म्हणजे झालं. मावशीला मध्ये न आणता हे करता येणार नाही, हे तिला तेव्हा पक्कं कळलं.

*

रोज सकाळी रानात जायच्या आधी ती आवडाबाईकडं चहाला थांबायची. शनिवारीही थांबली. नव्या भिंतींच्या आत, वर छत नसताना, आवडाबाईनं तीन विटांची चूल मांडली होती. घर होतंय तिथंच बसायचं म्हणून ती हल्ली चहा तिथंच करायची.

"इथं मोरी," ती बोटानं दाखवत होती. "आन् इथं खिडकी, पिंपळाकडं. बाबासायबांचा फोटो ह्या भिंतीला. पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात फुगतो गं त्यो. मंगळवारी काढशील ना पैसे? मिस्त्रीला शिमिट सांगावं लागतं."

"काढू की."

"तुझं त्वांड का असं? अंगठा दुखायलाय का?" आवडाबाईनं तिचा हात ओढून पाहिला, उठून हळद आणली आणि फाटलेल्या नखापाशी दाबून भरली. चंपाबाईनं हात तसाच धरून ठेवला. चहा संपेपर्यंत तिनं वर पाहिलं नाही.

रानात दहा वाजता मंजुषाचा गॅसचा नंबर आला. तिनं चंपाबाईच्या कमरेच्या पिशवीकडं बोट केलं.

"तूच वाच," चंपाबाई म्हणाली.

"मला वाचता आलं असतं तर तुझे पाय धरले असते का?"

"मी नाय सांगणार आता कुणाला नंबर. फोन घ्या तुमचे." तिनं तिन्ही फोन काढून बांधावर ठेवले.

बायका एकमेकींकडं पाहू लागल्या.

"का गं? भाव वाढला का तुझा?" मंजुषा म्हणाली. "का लेक कंपनीत लागली म्हणून आता आमी हलक्या झालो?"

"तसं नाय."

"मग कसं?"

चंपाबाईनं कॅरेट उचललं आणि टाकीकडं गेली. गड्डे पाण्यात सोडून पायानं खळबळून धुवायचं काम सहसा कुणी मागून घेत नाही, पिंडऱ्या थंड पडतात. तिनं ते संध्याकाळपर्यंत एकटीनं केलं. टाकीवर कुणी बोलायला येत नाही.

*

रविवारी चंपाबाईची लेक निशा आली. चिकलठाण्यातल्या एका कंपनीत ती तपासणीच्या टेबलावर होती, पुंडलिकनगरला दोघी मैत्रिणींबरोबर खोली करून राहत होती. महिन्यातून एकदा यायची. विहारातली वंदना झाल्यावर मायलेकी भाकरी करायला बसल्या.

"निशे, तुझ्याजवळ किती साचलेत?"

"चाळीसेक हजार. का गं मम्मी?"

"देशील का? बाकीचे मी करते कुठून तरी."

"देते. आत्ता पाठवते." तिनं फोन हातात घेतला. "पण कशाला ते सांग."

"लागायलेत."

"कशाला?"

चंपाबाई पिठाचा गोळा हातावर फिरवत राहिली. ही पोरगी शाळेत असताना परातीशेजारी बसवून तिला बेरजा शिकवल्या होत्या. कुणाला काय विचारावं, कागद वाचल्याशिवाय सही करू नये, हे चंपाबाईनंच शिकवलं होतं. सांगावं असं फार वाटलं. मग अतुलचं हसू आठवलं. निशाच्या तोंडावर क्षणभर जरी तसलं काही दिसलं, तर आपण पुढं तिच्याकडं कसं पाहायचं, हे तिला सुचेना.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "उगं इचारलं."

"मम्मी, कुणी काय बोललं का?"

"ऱ्हाऊ दे म्हणलं ना. तव्यावरली जळायली बघ."

निशा संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना दोनदा वळून पाहिलं.

*

सोमवारी सकाळी कडुबा मिस्त्री सेंट्रिंगच्या फळ्या ट्रॅक्टरवर घालून आला. त्याच्याबरोबर दोन बिगारी होते. आवडाबाईनं डोक्यावर पदर घेतला होता, उंबऱ्यापाशी पाणी शिंपडलं होतं.

"शिमिट कुठाय?" कडुबानं विचारलं.

"उद्या येतंय. उद्या पैसे काढायचेत."

"उद्या? मावशे, मी आज फळ्या आणल्या भाड्याच्या. आज शिमिट दिसाय पायजे होतं. तीन दिवस झाले सांगायलो."

"पैसे हायत बाबा. ब्यांकेत हायत."

"सगळ्यांचे ब्यांकेतच आसतेत." तो ट्रॅक्टरवर चढला. "पलीकडं सम्यकच्या बापाचा स्लॅब हाय, तिकडं टाकतो फळ्या. पैसे नसतेत तर माणसाला बोलवायचं कशाला? सरकारचं येतंय म्हणून भिंती चढवायच्या, आन् मग मिस्त्रीचे हाल."

गल्लीतले पाच-सहा जण थांबून ऐकत होते. आवडाबाईचा चेहरा उतरला.

"नायत कसे? चंपाला इचारा. चंपाकडं हाय सगळं."

सगळ्यांनी चंपाबाईकडं पाहिलं. ती आपल्या दारात डबा घेऊन उभी होती. "उशीर व्हायलाय," ती म्हणाली आणि रानाच्या वाटेला लागली. मागं ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. ती धावत नव्हती, पण तिला धाप लागली होती.

आवडाबाई अर्ध्या तासानं रानात आली. कुणाशी बोलली नाही. मिस्त्रीचं गल्लीत पसरलं होतं, बायकांना ठाऊक होतं. त्यांनी तिला बेडाच्या सावलीच्या टोकाला जागा करून दिली.

भाकरीची वेळ झाली तेव्हा सगळ्या बाभळीखाली बसल्या. मंजुषाचा फोन वाजला. तिनं एका हातात ठेचा-भाकरी धरून दुसऱ्या हातानं तो कानाला लावला.

"हां, मंजुषा बोलायली. व्हय, खातं हाय माझं. घरकुल? व्हय, नाव लागलंय आमचं यंदा." तिनं बाकीच्यांकडं पाहून डोळे मोठे केले. "ब्यांकेचा हाय. पयला हप्ता आलाय म्हणं! हां साहेब, कार्ड हाय ना, पिशवीत हाय. वाचाया येत नाय वो, थांबा, कुणाला तरी देते."

तिनं फोन आणि कार्ड दोन्ही चंपाबाईपुढं धरले. "घे. चार वाजायच्या आत करायचंय म्हणतो. आज तरी ताठा नको दावूस बाई, हात जोडते."

"ठेव त्यो फोन."

"काय?"

"ठेव म्हणते." चंपाबाईनं तो तिच्या हातातून घेतला. आतून आवाज येत होता, हॅलो मॅडम, हॅलो मॅडम. तोच आवाज. तिनं बटण दाबलं आणि फोन जमिनीवर पालथा ठेवला.

मंजुषा उठून उभी राहिली. "तू काय समजतीस सोताला? तुझ्यासारखं माझं बी घर हू नये का? तीन वर्सं सगळ्या गावाचे नंबर सांगत होतीस, आन् माझी पाळी आली की..."

"चोर हाय त्यो."

"तुला काय ठाऊक?"

"गुरुवारी मी त्याला सांगितला."

कुणीतरी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. चंपाबाई मंजुषाकडं पाहून बोलत होती. दुसरीकडं पाहायचं तिच्याच्यानं होत नव्हतं.

"असाच फोन आला. कार्ड वाचून दावलं, नंबर वाचून दावले. मला मॅडम म्हणला. मावशीच्या खात्यातले पैसे गेले."

आवडाबाईला सगळं ऐकू आलं नव्हतं. ती उठून गुडघ्यावर हात ठेवत चंपाबाईसमोर येऊन बसली.

"काय म्हणलीस?"

"तुमचे पैसे गेले, मावशी. माझ्या हातून गेले."

"किती?"

"समदे."

आवडाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"बिस्तरवारी?"

"व्हय."

"बिस्तरवारी म्हणलीस, झालं काम."

"व्हय."

"आज सोमवार हाय." आवडाबाईनं बोटं मोजली नाहीत, पण तिचे ओठ हलले. "चार दिवस माझ्या हातचा चहा पेलीस. हळद भरली मी तुझ्या बोटाला. सकाळी त्यो मिस्त्री मला गल्लीत नागवी करत होता, आन् तू दारात हुबी होतीस डबा घेऊन."

चंपाबाईनं मान हलवली. नाही म्हणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"पैशाचं मला काय कळंना," आवडाबाई म्हणाली. "येडी हाय मी. फसवलं आसंल कुणी, मी बी फसले असते. पण तू माझ्यासंगं खोटं बोललीस गं."

"भ्यायले मी."

"मला?"

"लाजले."

बांधावरून अप्पारावांनी हाक मारली, "काय गं चंपाबाई, भाकर संपना का आज?" मंजुषा पालथ्या फोनाकडं पाहत होती. तो पुन्हा वाजू लागला तेव्हा तिनं हात मागं ओढला, विंचू दिसल्यासारखा. वाजून वाजून तो थांबला. तिनं आपलं कार्ड उचलून पोलक्यात खोल खुपसलं.

"आता काय करावं लागतं?" आवडाबाईनं विचारलं. आवाज कोरडा होता, माफीचा मागमूस नव्हता. "काय हाय का करायसारखं, का बसायचं असंच?"

चंपाबाई उठली. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली, बांधावर उभ्या असलेल्या अप्पारावांनाही.

"आधा रोज कापा मालक, आमी दोघी निघालो. मावशी, इथून एकोणीसशे तीसला फोन लावते, तुम्ही बोला, ते तुमच्याशीच बोलतात. मग ब्यांकेत जायचं, मग ठाण्यात. पैसे येतील का नाय ते मला ठाऊक नाय, येतील म्हणून आता खोटं बोलणार नाय. सही तुमची लागंल. पण नंबर कुणी दिला म्हणून साहेबानं इचारलं की तुम्ही गप ऱ्हायचं. मी सांगणार. चंपाबाई किसन साळवे, हिनं दिला. असंच लिहून घ्या म्हणणार."